सीटखालची वायर

नोव्हेंबर लागला की हेमलॉक रोडवर माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: ब्लोअर लावला का? तब्येत कशी आहे हे कुणी विचारत नाही, कारण ब्लोअर लावला म्हणजे तब्येत बरी आहे असंच इथे धरतात. अमेरिकेच्या या उत्तर टोकाला सुपीरियर सरोवरावरून एकदा वारा सुटला की एप्रिलपर्यंत बर्फ पडायचा थांबत नाही. तो गिळून लांब फेकणारं ते पोलादी धूड ट्रॅक्टरच्या तोंडाला वेळेत लागलं, तर घर रस्त्याला जोडलेलं राहतं. नाही लागलं, तर कुणीतरी शेजारी न बोलता येऊन तुमचा रस्ता काढून जातो. पैसे घेत नाही, आभार ऐकायलाही थांबत नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी कुणालातरी सांगतं, “त्यांचा रस्ता आता दुसरे काढतात.” एवढ्या एका वाक्यात माणूस निकालात निघतो.

ताइमी हार्जूला हे वाक्य चांगलं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं, रेइनोनं, आयुष्यात निम्म्या रोडचे रस्ते असेच न विचारता काढून दिले होते. पलीकडच्या म्हाताऱ्या साइमीचा रस्ता त्यानं ज्या हिवाळ्यात काढला, त्याच वसंतात साइमीनं घर विकलं. रेइनोनं मदतच केली होती, पण साइमी त्या दिवशी खिडकीत उभी राहून रडली होती आणि ते ताइमीनं आपल्या खिडकीतून पाहिलं होतं.

ताइमी म्हणजे मूठभर बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म काढला, तिथली पोरं तिला पाठीमागे चिमणी म्हणायची आणि ते तिला माहीत होतं. रेइनो लाकूडतोडीवरचा, दारातून वाकून आत येणारा गडी. लग्न झाल्यापासून दोघं मिळून दर हिवाळ्याआधी ब्लोअर चढवत आले. ट्रॅक्टर बदलले, ब्लोअर बदलले, शेवटी म्हातारपणाला शोभेलसा छोटा ट्रॅक्टर आला, पण पद्धत तीच राहिली. तो ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणा आणि ती वर सीटवर.

“बोटभर पुढे घे!” तो खालून ओरडायचा.

ती घ्यायची.

“बोटभर म्हटलं, हातभर नाही!”

“मग बोट कुणाचं ते आधी सांगत जा.”

सगळ्या रोडला ऐकू जाईल असं भांडण व्हायचं, आणि संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवून दोघं मुकाट्यानं शेजारी बसायची, हाडं शेकत. संसार म्हणून म्हणतात तो त्यांचा तेवढाच होता, आणि तो चांगला होता.

मग रेइनोचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी नावं गेली, मग वार, मग घरातल्या खोल्या. गेल्या जानेवारीत तो न्हाणीघरात पडला. त्या सकाळी रस्ता काढायला कुणी नव्हतं, रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावरून घराकडे वळायच्या फाट्यावरच रुतली आणि माणसं घसरगाडी ओढत, कमरेएवढ्या बर्फातून घरापर्यंत आली. तोवर रेइनो गार फरशीवर पडून होता आणि ताइमी त्याच्या अंगावर एकेक पांघरूण टाकत होती. तो वाचला. पण लेक लिनेट ग्रीन बेहून धावत आली ती मनाशी ठरवूनच.

“आई, असा आणखी एक हिवाळा नाही,” लिनेट म्हणाली. “गावात वृद्धाश्रम आहे. बाबांना तिथे नीट बघतील.”

“तिथे त्याला कुणी ओळखत नाही.”

“आई, बाबा तरी कुणाला ओळखतात?”

“मला ओळखतो,” ताइमी म्हणाली. हे रोज खरं नव्हतं, पण बहुतेक दिवशी होतं.

उन्हाळाभर घासाघीस होऊन शेवटी तडजोड निघाली. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लिनेट येईल. तोवर ब्लोअर लागलेला असेल आणि ताइमी तो चालवून फाट्यापर्यंत रस्ता काढून दाखवेल, तर बाबा घरी. नाहीतर त्याच आठवड्यात त्यांचं सामान बांधायचं. लिनेट दुष्ट मुलगी नव्हती. तिनं आपल्या परीनं आईला संधीच दिली होती, आणि मनातून तिला खात्री होती की चिमणीएवढी आई त्या धुडाला हलवूसुद्धा शकणार नाही.

शेजारचा लेस्टर बोड्री हा रेइनोबरोबर जंगलात काम केलेला माणूस. तो ऑक्टोबरातच कुंपणाशी येऊन उभा राहिला.

“ताइमी, माझा लावून झाला की तुझाही लावून देतो. अर्ध्या तासाचं काम.”

“तुझा लावून झाला की कॉफी प्यायला ये.”

“म्हणजे नको?”

“म्हणजे कॉफी प्यायला ये.”

लेस्टर हसला आणि गेला. तो रागावणाऱ्यातला नव्हता. त्याच्या जागी तिनंही हेच विचारलं असतं, आणि तिच्या जागी त्यानंही हेच सांगितलं असतं.

एका कोरड्या दिवशी तिनं काम काढलं. रेइनोला घरात एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला कोट-टोपी घालून कोठारात एका उपड्या बादलीवर बसवलं आणि हातात वेलदोड्याच्या पावाचा तुकडा दिला. ब्लोअर एप्रिलपासून फळ्यांवर उभा होता. तिनं ताडपत्री ओढली, झाडूनं उंदरांच्या लेंड्या काढल्या, जिथे जिथे ग्रीस लागतं तिथे ग्रीस भरलं. ट्रॅक्टरच्या मागे सिमेंट भरलेलं पिंप अडकवलं, नाहीतर पुढच्या वजनानं मागची चाकं उचलतात. चाकांना साखळ्या घातल्या. या प्रत्येक कामात रेइनोला पाच मिनिटं लागायची. तिला दुपार लागली.

मग तिनं ट्रॅक्टर सुरू करून ब्लोअरच्या समोर आणला. ट्रॅक्टरचे दोन आकडे ब्लोअरच्या दोन कानांत एकदम बसायला हवेत. पहिल्यांदा डावा बसला, उजवा हुकला. दुसऱ्यांदा उलटं झालं.

“बोटभर पुढे,” बादलीवरून आवाज आला.

ताइमीनं चमकून मागे पाहिलं. रेइनो पाव खात होता, पण डोळे आकड्यांवर होते.

“कुणाच्या बोटानं?” तिनं विचारलं.

“तुझ्या नको. तुझ्या बोटाला काही माप आहे का?”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं बोटभर पुढे घेतलं आणि दोन्ही आकडे खट्कन बसले. पिना ठोकल्या. तेलाच्या नळ्या जागेवर जाईनात, आत दाब साठला होता. तिनं रेइनोला करताना पाहिलं होतं तसं नळीचं टोक लाकडावर दाबलं, तेलाची चिळकांडी बाहीवर उडाली आणि नळी बसली.

उरला शाफ्ट. ट्रॅक्टरच्या पोटातून निघून ब्लोअर फिरवणारा हा दांडा दातेरी टोकावर सरकवायचा, आणि सरकवताना त्याची कडी मागे ओढून धरायची. कडीची स्प्रिंग कडक. ताइमी जमिनीवर कुशीवर झोपून दोन्ही हातांनी ओढत राहिली. बोटं बधिर झाली, नखातून रक्त आलं, कडी केसभर हलेना. थंड सिमेंटवर गाल टेकून ती पडून राहिली. इतकं सगळं करून एका कडीसाठी नवरा जाणार, या विचारानं तिला संताप आला आणि तिनं ट्रॅक्टरला अशा शिव्या घातल्या की शाळेच्या स्वयंपाकघरात त्या कुणी कधी ऐकल्या नसतील.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी गुडघे टेकले. रेइनो. त्यानं पावाचा उरलेला तुकडा खिशात टाकला, हात आत घातला, आणि तो रुंद, खरबरीत उजवा हात जणू स्वतःच्या डोक्यानं चालला. कडी मागे, शाफ्ट पुढे, खट्. मग त्यानं शाफ्ट दोनदा मागे ओढून पाहिला, बसला की नाही ते. हे ओढून पाहणं तो कधी विसरत नसे.

“लागलं,” तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून सभ्यपणे विचारलं, “कुणाचा ट्रॅक्टर आहे हा?”

“आपलाच आहे रे,” ताइमी म्हणाली. तिनं त्याचा तो हात कितीतरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सीट वर उचलली, कारण उंदीर तिथेही घरटी करतात. घरट्याखाली वायरीचा एक तुकडा होता. ती वायर तिला माहीत होती. सीटखाली एक स्विच असतो. ब्लोअर फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला की तो इंजिन बंद पाडतो. ट्रॅक्टर नवीन आला त्याच आठवड्यात रेइनोनं वायरीचा तुकडा घालून त्या स्विचला बगल दिली होती. “मी कधी उठायचं ते मशीन मला सांगणार?” त्याचं म्हणणं. ब्लोअरमधला पंखा ज्या वरच्या नळकांड्यातून बर्फ फेकतो, त्यात ओला बर्फ अडकला की इथले लोक यंत्र तसंच फिरतं ठेवून खाली उतरतात आणि मोकळं करतात. काठी असते, ती ट्रॅक्टरलाच लटकवलेली असते. पण काठी घ्यायला फेरा पडतो, म्हणून बरेचदा हातच जातो. हेमलॉक रोडवरच्या कुठल्याही ट्रॅक्टरची सीट उचला, ही वायर सापडेल. तिच्यामुळे कुणाचं काही झालं तर बाकीचे मान हलवतात, हळहळतात आणि आपापली वायर जागेवरच ठेवतात.

ताइमीनं वायर काढून खिशात टाकली. रेइनो आता कुठून कधी समोर येईल याचा नेम नव्हता. एवढी अक्कल तिला होती, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

मग तिनं ब्लोअर सुरू केला आणि रिकाम्या अंगणातून चालवून पाहिला. पहिल्याच खड्ड्यात इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, दगडावरून उसळलं, पुन्हा बंद. तिला आधी कळेना. मग कळलं. ट्रॅक्टर दणकट माणसांसाठी केलेला. तिच्या वजनानं सीट जेमतेम दबायची, आणि जराशी उसळली की त्या स्विचच्या लेखी सीटवर कुणीच नसायचं. चिमणीच ती. अंगणाच्या टोकाला जाईपर्यंत इतक्या वेळा बंद पडलं की तिनं मोजणं सोडून दिलं.

थँक्सगिव्हिंग दोन दिवसांवर आलं होतं. लिनेटसमोर हे असं झालं असतं तर पुढचं सगळं ठरलेलंच होतं. लेस्टरला विचारावं, असं एकदा ताइमीच्या मनात आलं. तो काहीतरी तोड काढेल, पण मग दुकानात ते वाक्य बोललं जाईल. शेवटी तिनं सीट उचलली आणि वायर परत होती तिथे घातली. तिनं स्वतःला बजावलं की मी उतरायच्या आधी दर वेळी दांडी मागे ओढून ब्लोअर बंद करीन. दर वेळी. मी काही रेइनो नाही.

लिनेट आली तेव्हा वीतभर बर्फ पडलेला होता. ताइमीनं रेइनोची कानटोपी घालून फाट्यापर्यंत रस्ता काढला आणि परत आणला. ती सरळ रेघ लिनेटनं दारातून पाहिली. तिनं आईला मिठी मारली आणि म्हणाली, “मला वाटलं नव्हतं ग.”

“मला माहीत आहे तुला काय वाटलं होतं,” ताइमी म्हणाली. “टर्की कापायला घे.”

त्या रात्री रेइनो जेवणाच्या टेबलावर लेकीला नावानं हाक मारून बोलला. घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

डिसेंबरात पहिलं मोठं वादळ आलं. दोन दिवस बाहेरचं काही दिसलं नाही. तिसऱ्या सकाळी ऊन पडलं आणि सरकारी गाडीनं मोठा रस्ता साफ करताना सगळा ओला, जड बर्फ हार्जूंच्या फाट्यावर ढकलून ठेवला, नेहमीप्रमाणे. ताइमीनं रेइनोला टीव्हीसमोर बसवलं, कॉफी दिली, दाराला घंटा बांधलीच होती. फाट्यापर्यंतचा रस्ता तिनं व्यवस्थित काढला. फाट्याचा ढीग मात्र सिमेंटसारखा होता. दोन घास घेतले आणि नळकांडं तुंबलं. ब्लोअरचा खणखणीत आवाज बसका झाला, घुसमटल्यासारखा.

तो बदललेला आवाज घरात रेइनोनं ऐकला. बायकोचं नाव ज्याला रोज आठवत नव्हतं, त्याला तो आवाज मात्र बरोबर कळला. नळकांडं तुंबलंय, जाऊन मोकळं केलं पाहिजे. दाराची घंटा वाजली, पण इंजिनापुढे ती ऐकायला कोण होतं?

ताइमीनं मान वळवली तेव्हा तो जवळ आलेला होता. अंगात नुसता सदरा, पायात घरातल्या सपाता, आणि चाल कशी तर कामावर निघालेल्या माणसाची, ताठ. तिच्या मनात एकच आलं, हा थंडीनं मरेल. ती सीटवरून उठून डाव्या बाजूनं खाली उडी टाकून त्याच्याकडे धावली. दांडी ओढायची राहिली. सीटवर कुणी नव्हतं आणि पंखा आत फिरत होता.

तो मात्र ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूनं ब्लोअरकडे गेला. ती मागून वळून पोचेपर्यंत त्यानं नळकांड्यात हात घातला होता. उजवा.

पुढचं सगळं सांगण्याची गरज नाही. ती ओरडली, रेइनो ओरडला नाही. किल्ली फिरवून तिनं इंजिन बंद केलं. आपला पट्टा काढून त्याच्या दंडाला आवळला. लेस्टर बर्फातून धडपडत आला आणि त्यानं फोन केला. रेइनो बर्फावर बसून होता आणि लेस्टरला सांगत होता, “मोकळं झालं बघ. आता चालेल.”

रुग्णवाहिका आली. लेस्टरनं फाट्यावर फावड्यानं वाट केली आणि तिथून पुढे रस्ता स्वच्छ होता, ताइमीनं काढलेला. गाडी थेट दारापर्यंत आली. गेल्या जानेवारीपासून यासाठीच तर सगळं चाललं होतं.

हात मनगटापासून गेला. रेइनो दवाखान्यातून परस्पर वृद्धाश्रमात गेला, आणि या वेळी ताइमीनं वाद घातला नाही. लिनेट तिला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा म्हणाली, “आई, तू काय करणार होतीस? तुझा काय दोष?” लिनेटला वायरीचं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, किंवा माहीत असलेले कुणी बोलत नव्हते.

रेइनो तिथल्या खिडकीतून बर्फ बघत बसतो. ताइमी रोज जाते. काही दिवशी तो तिला ओळखतो. कापलेल्या हाताचं त्याला कळलेलं नाही. कपाला तो हात पुढे करतो, कप येत नाही, आणि तो चकित होऊन बघत राहतो. हे रोज नव्यानं होतं आणि रोज ती बघते.

तिला रोज जाता येतं, कारण रस्ता मोकळा असतो. उजाडायच्या आत लेस्टर येतो, काढतो, जातो. ती पडद्याआडून बघते. दुकानात काय बोलतात ते तिला कळतं आणि आता त्याचं काही वाटत नाही.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी ती कोठारात गेली. खुंटीवर रेइनोचा शिकारीचा कोट होता, जाड लोकरीचा. शेजारच्या डब्यात त्याची मासेमारीची शिशाची वजनं होती. तिनं कोट घातला आणि दोन्ही खिसे वजनांनी भरले. मग सीट उचलली, वायर उपटली आणि कचऱ्यात टाकली. सीटवर बसली. इंजिन सुरू केलं, दांडी पुढे ढकलली, ब्लोअर फिरायला लागला. ट्रॅक्टर दारातून बाहेर काढून तिनं लेस्टरनं बर्फ काढलेल्या अंगणातल्या सगळ्या खड्ड्यांवरून, दगडांवरून नेला. सीट उसळली, इंजिन एकदाही अडखळलं नाही. एक कोट आणि दोन खिसे शिसं, एवढंच हवं होतं.

मग ती थांबली आणि सीटवरून उठून उभी राहिली. इंजिन गप्पकन बंद पडलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. ती बसली, सुरू केलं, फिरू दिलं, पुन्हा उठली. बंद. पुन्हा बसली, पुन्हा उठली. प्रत्येक वेळी ती पंखा थांबायला किती वेळ लागतो ते बघत होती, आणि त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागून वळून उजव्या बाजूला पोचायला आपल्याला किती लागला होता ते मनात मोजत होती.

सुरू-बंद, सुरू-बंद असा आवाज ऐकून लेस्टर कुंपण ओलांडून आला. अंगणाच्या मधोमध, नवऱ्याच्या कोटात बुडालेली ताइमी ट्रॅक्टरवर उभी होती.

“काय ग ताइमी, बिघडलंय का काही?” त्यानं विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “नीट चालतंय.”

आणि ती पुन्हा खाली बसली.